फिर्याद, आरोप आणि पंचनामा

राज्ये लयास जातात, राजधान्या ओस पडतात. परंतु न्यायासनापुढे त्यांनी रुजविलेले शब्द मागे उरतात. महाराष्ट्रातील कोणत्याही फौजदारी न्यायालयात एक दिवस बसले असता याचा प्रत्यय येतो. तेथील फिर्याद फारसी, वकील आणि जामीन अरबी, साक्ष आणि आरोप संस्कृत, तर समन्स आणि वॉरंट इंग्रजी. पंचनाम्यातील पंच संस्कृत आणि नामा फारसी. खुद्द फौजदारी हा शब्दही मोगली अमलातील फौजदाराची आठवण सांगतो. हे मिश्रण म्हणजे भारतीय न्यायसंस्थेवर चढलेल्या थरांचा इतिहासच होय.

यांतील सर्वांत खालचा थर धर्मशास्त्राचा. याज्ञवल्क्यस्मृतीने वादाचे चार पाद मानले आहेत. वादीचे निवेदन, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय, असा त्यांचा क्रम. अभियोग हा शब्द त्या स्मृतीत आहेच. शिवाय आपल्यावरील अभियोगाचे निरसन केल्याविना उलट अभियोग करू नये, असा सामान्य नियमही तीत आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिली.

पुढे सुलतानी आणि मोगली अमलात दरबाराची भाषा फारसी झाली. फिर्याद म्हणजे मूळची आर्त हाक. अन्याय झालेल्याने दाद मागण्यासाठी फोडलेला टाहो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. तरीही मराठेशाहीच्या न्यायनिवाड्यांत अग्रवादी आणि पश्चिमवादी यांच्या शेजारी करीना, महजर, राजीनामा हे शब्द सुखाने नांदत राहिले. त्या काळी राजीनामा म्हणजे निवाडा मान्य करू, असे वादीप्रतिवादींनी लिहून दिलेले संमतिपत्र. तोच शब्द आज नोकरी सोडणाराच्या अर्जाला लागतो. शब्द टिकला, व्यवहार पालटला.

कंपनी सरकारच्या काळात हे पालटणे वेगाने झाले. 1790 मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमधील फौजदारी न्यायाची सूत्रे नबाबाच्या अधिकाऱ्यांकडून काढून घेतली. तथापि इस्लामी कायदा सांगणारे काझी आणि मुफ्ती न्यायालयात कायम राहिले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827 च्या नियमसंग्रहाने गुन्हे आणि शिक्षा यांची स्वतंत्र मांडणी केली. 1837 च्या कायद्याने बंगाल इलाख्यात फारसीला बाजूस सारून देशी भाषांना वाट मोकळी करून दिली. 1860 मध्ये संमत झालेली भारतीय दंडसंहिता 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. तिचे उर्दू रूप ताजिरात-ए-हिंद या नावाने उत्तर हिंदुस्थानभर परिचित झाले. त्या भाषांतरात पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेल्या नजीर अहमद यांचा हात होता.

या स्थित्यंतरात फिर्यादीचे स्थानही पालटले. जुन्या व्यवस्थेत बव्हंशी तोच वाद चालवी. आता दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांकडे नोंदली गेली, की तपास पोलिसांचा आणि खटला सरकारचा. फिर्यादी हा त्या खटल्यातील एक साक्षीदार उरतो आणि त्याची बाजू सरकारी वकील मांडतो. टाहो व्यक्तीचा, दावा राज्याचा. हा आधुनिक अभियोगाचा गाभा जुन्या शब्दाआड झाकला गेला आहे.

येथेच शब्दांची जोखीम कळून येते. आरोप म्हणजे वर ठेवलेली, चढविलेली गोष्ट. दोरीवर सापाचा आरोप झाला म्हणून दोरी साप होत नाही. आरोपी आणि गुन्हेगार यांच्यामध्ये सगळा पुरावा, उलटतपासणी आणि निकाल उभा असतो. हिंदी-उर्दूत मुलजिम आणि मुजरिम यांच्यामध्येही तेवढेच अंतर आहे. कागद लिहिणाऱ्या कारकुनाने हे अंतर विसरून एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तर निकालापूर्वीच माणसाच्या कपाळी डाग लागतो. साक्षीदाराच्या तोंडची बोली आणि न्यायाधीशापुढील कागद यांच्यामध्ये शिरस्तेदार, दुभाषी आणि लघुलेखक उभे असतात. त्यांचे नाव निकालपत्रात ठळकपणे येत नाही. परंतु त्यांच्या शब्दनिष्ठेवर पुष्कळ काही अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने उच्च न्यायालयांच्या कामकाजासाठी सामान्यतः इंग्रजी कायम ठेवली. खालच्या फौजदारी न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार 1973 च्या प्रक्रिया संहितेने राज्य सरकारांना दिला. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहाराचा कोश सिद्ध केला. दखलपात्र, सदोष मनुष्यवध, दोषमुक्ती हे शब्द त्यामुळे स्थिरावले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि खुनाच्या शिक्षेचे जुने 302 हे कलम 103 झाले.

कलमांचे आकडे पालटले, तरी एक नियम जुन्या संहितेतून नव्या संहितेत अखंड आला आहे. आरोपीस न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. शब्द संस्कृत असो, फारसी असो वा इंग्रजी. त्याची खरी परीक्षा या नियमातच आहे. ज्याचे स्वातंत्र्य पणास लागले आहे त्याला जो शब्द कळत नाही, तो कोशात कितीही शुद्ध असला तरी न्यायालयात अपुराच ठरतो.