झटपट निकाल आणि न्याय

कोर्टांत कामांचा ढीग सांचला, कीं ते लवकर उपसणारा न्यायाधीश कर्तबगार ठरतो. हें मत सर्वस्वीं मान्य करण्यापूर्वीं वाचकांनीं जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरपट्ट्याचा इतिहास एकवार पाहावा.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा लावणें सावकारास भाग पडलें. मुदत भरत आली, कीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घ्यावें, नाहींतर कोर्टाची वाट धरावी, असा क्रम पडला. दावे वाढले, पण त्यांचे निकाल अडून राहिले नाहींत. निरक्षर कुणबी किंवा कोळी पुष्कळदां कोर्टांत येतच नसे. खत पाहून एकतर्फी हुकूमनामा होई. दप्तरांतील काम संपे आणि कुळाची विपत्ति सुरू होई.

कोर्टानें न ऐकलेलें गाऱ्हाणें मग रानांत ऐकूं येऊं लागलें. जांभोरीच्या होनाजी केंगल्यानें सावकारांवर छापे घातले. १८७६ सालीं तो पकडला गेला. इकडे १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. दंग्यांच्या चौकशी-कमिशननें एकतर्फी हुकूमनाम्यांचें प्राबल्य नमूद केलें.

त्यांतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणें जिल्हा त्याच्या कक्षेंत होता. दाव्यापूर्वीं समेटाचा प्रयत्न करावा. तो फसल्याचा दाखला मिळाल्यावरच कोर्टांत जावें. न्यायाधीशानें खतावर न थांबतां देवघेव मुळापासून तपासावी, प्रतिवादीची जबानी घ्यावी, अशी योजना त्यांत होती. म्हणजे दारांत दावे कमी करावयाचे आणि आंत आलेल्या प्रत्येकास अधिक वेळ द्यावयाचा. दुय्यम कोर्टांचीं हीं कामें तपासण्यासाठीं महादेव गोविंद रानडे प्रथम डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून, व १८८७ पासून स्वतः स्पेशल जज्ज म्हणून, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले.

योजना निर्दोष नव्हती. दाखल्यापायीं विलंब होई, आणि समेट करणाऱ्यास सक्तीचा अधिकार नसे. तथापि तिनें एक गोष्ट ओळखली होती: प्रतिवादीस न ऐकतां लागलेला निकाल हा कामाचा उरक असेल, न्याय नव्हे. आज घोडेगांव व जुन्नर येथें कोर्टें आहेत, आणि १९८७ च्या कायद्यान्वयें लोकअदालतीही भरतात. तेथेंही निकालांची संख्या मोजतांना, त्या समेटांत दुबळ्या पक्षाचें म्हणणें खरोखर ऐकलें गेलें काय, हा प्रश्न आपण विचारीत राहिलें पाहिजे.