अनामत कुणाची?

घरभाड्याचा व्यवहार मराठीत ज्या शब्दांनी चालतो, ते शब्द एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. मालक, करार, मुदत, रक्कम, कब्जा, हिशेब, नुकसान, तक्रार, दावा. हे सगळे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते इकडे आले आणि शेकडो वर्षांच्या वापराने अस्सल मराठी झाले. 'भाडे' तेवढे संस्कृत 'भाटक'पासून आलेले. या शब्दांच्याच पंगतीत बसतो 'अनामत'. मूळ शब्द 'अमानत'. मराठीच्या तोंडी त्याची अक्षरे इकडची तिकडे झाली, अर्थ मात्र तोच राहिला: दुसऱ्याची वस्तू, जी आपल्याजवळ केवळ विश्वासाने ठेवलेली आहे. 'अमानत में खयानत' म्हणजे काय, हे आपल्या घरांतल्या लहान मुलालाही समजावून सांगावे लागत नाही.

आणि तरीही घर सोडायच्या दिवशी काय होते, हे भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रंगकामाचे इतके, नळदुरुस्तीचे इतके, साफसफाईचे इतके, फरशीला डाग पडला त्याचे इतके. कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे पडत जातात आणि शेवटी मालक सांगतो, आता थोडेच उरतात, पुढच्या महिन्यात या. विश्वासाने ठेवलेली रक्कम मालकाची कमाई कशी झाली? आमच्या मते याचे उत्तर एखाद्या मालकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा मुंबईच्या घरभाड्याच्या इतिहासात शोधावे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ साली भाड्याला लगाम घालणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेच पुन्हा घडले. त्यानंतर आलेला १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८पासून लागू झाला आणि पुढे अर्धे शतक टिकला. त्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, यात शंका नाही. गिरणगावातला कामगार आणि भेंडी बाजारातला कारागीर या कायद्यामुळेच शहरात टिकला. पण भाडे गोठले आणि महागाई वाढत गेली, तेव्हा मालकाने आपला वाटा दुसऱ्या दाराने घ्यायला सुरुवात केली. त्या दाराचे नाव पगडी.

ठरलेल्या भाड्याखेरीज घर देण्यासाठी पगडी, अनामत किंवा दुसरा मोबदला घेणे हा १९४७च्या कायद्याच्या कलम १८प्रमाणे सर्वसाधारणपणे गुन्हा होता. म्हणून ही रक्कम रोख दिली जाई. तिची पावती नसे आणि साक्षीदार असला तरी तो गप्प बसे. घरासाठी द्यायचा मोठा पैसा कागदावर यायचा नाही, ही सवय मुंबईला इथे लागली.

कायद्याच्या कचाट्यातून सुटण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'. भाडेपट्ट्याने भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्स म्हणजे नुसती राहण्याची परवानगी. परवानगीवर राहणारा भाडेकरू नव्हे, म्हणून भाडे कायद्याचे संरक्षण त्याला नव्हते. या पळवाटेचा उपयोग इतका वाढला की १९७३ साली शासनाने कायदा दुरुस्त केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने जागेत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूंचा दर्जा मिळाला. हजारो कुटुंबांना आसरा मिळाला, पण मालकांच्या मनात कायमची धास्ती बसली. माणूस घरात घेतला की तो निघणार नाही, ही ती धास्ती. मुदत अकरा महिन्यांची ठेवायची आणि अनामत जबर घ्यायची, या रिवाजाला त्या धास्तीने बळ दिले. हेही मान्य केले पाहिजे की साठ वर्षांपूर्वीच्या भाड्यात इमारत दुरुस्त होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत, असे म्हटले.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २०००पासून लागू आहे. कलम ५६ने पगडी कायदेशीर झाली. कलम २४ने लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग मालकाला दिला आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट शुल्क लावले. म्हणजे जुन्या धास्तीचे कारण बरेचसे संपले. अनामत मात्र उतरली नाही. तिला या कायद्यात कमाल मर्यादा नाही. उलट भाडे नाममात्र आणि अनामत लाखांत, असा 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार वस्त्यावस्त्यांत रुळला. एक गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारताना शासन परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरते. म्हणजे या पैशाचा लाभ मालकाला होतो, हे सरकारी हिशेबातही मान्य आहे. ज्याचा पैसा, त्याला मात्र मुद्दल परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात.

कापलेल्या रकमेबद्दल कायदा काय म्हणतो? यासाठी आपल्याला बटाट्यांच्या एका खटल्याकडे जावे लागेल. १९४७ साली मौला बख्श नावाच्या कंत्राटदाराने उत्तर प्रदेशात लष्कराला बटाटे पुरवण्याचा करार केला. दुसरा करार कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा होता. पहिल्यासाठी त्याने १०,००० रुपये अनामत भरली, दुसऱ्यासाठी ८,५००. त्याच्याकडून पुरवठ्यात वारंवार कसूर झाली. सरकारने करार रद्द केले आणि दोन्ही अनामती जप्त केल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली निकाल लागला. कसूर मौला बख्शची होती, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण न्यायालयाचे म्हणणे असे की, करारात जप्तीचे कलम असले तरी जिथे नुकसान मोजता येते, तिथे ते सिद्ध केल्यावाचून अनामत गिळता येत नाही. बटाटे दुसरीकडून महाग घ्यावे लागले असतील तर सरकारने त्या खरेदीचा हिशेब दाखवायला हवा होता. तो दाखवला नाही, म्हणून १८,५०० रुपये परत करावे लागले.

या निकालाचा आधार १८७२च्या करार कायद्याचे कलम ७४ आहे. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. घर विकत घेताना दिलेला बयाणा ही वेगळी बाब आहे, तिची इथे गल्लत करू नये. पण भाड्याची अनामत ही सुरक्षेसाठी ठेवलेली रक्कम आहे आणि तिला मौला बख्शचा न्याय लागू पडतो. कसूर करणाऱ्या कंत्राटदाराची अनामत सरकारला गिळता आली नाही, तर वेळेवर भाडे भरणाऱ्या कुटुंबाची अनामत खिळ्याच्या भोकापायी कशी गिळता येईल?

वापराने होणारी झीज ही तर कायद्याने मानलेलीच गोष्ट आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ भाडेपट्ट्याबाबत सांगते की जागा घेतली तशी परत करावी, पण वाजवी वापराची झीज वगळून. तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका होणारच. दाराचा तुटलेला पत्रा किंवा थकलेले वीजबिल ही निराळी गोष्ट आहे. ते नुकसान खरे आहे आणि भाडेकरूने ते बिनतक्रार भरावे. अमानतीचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो, कारण घर हीसुद्धा मालकाने आपल्याजवळ ठेवलेली अमानतच आहे.

मग एवढे असूनही भाडेकरू गप्प का बसतो? आपल्या समाजापुरते बोलायचे तर एक कारण उघड आहे. नाव ऐकताच 'घर दिले गेले' असे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबे मुंबईतली जुनी घरे सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. जिथे घर मिळणेच मुश्कील, तिथे मालकाशी किंवा दलालाशी वाकडेपणा कोण घेईल? दहा-वीस हजार सोडून द्यावेत, पण पुढचे घर मिळावे, असा विचार होतो. हे सोडून दिलेले पैसे कुणाच्या मुलीच्या फीचे असतात, कुणाच्या दवाखान्याचे. आणि आपल्याच वस्तीतला आपलाच मालक असला, तर भिडेपोटी तोंड आणखीच बंद होते.

दुसरे कारण कागदाचे. नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या कायद्याच्या कलम ५५प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीच्या कागदावर किंवा नुसत्या शब्दावर राहिलेल्यांना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

बाहेर पाहिले तर इंग्लंडने यावर एक तोड काढली आहे. तिथे एप्रिल २००७पासून ठरावीक प्रकारच्या भाडेकरारांत मालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते आणि वाद झाल्यास त्रयस्थ निवाडा करतो. आपल्याकडे केंद्राने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत आणि घराचा ताबा देतानाच तिची परतफेड सुचवली आहे. पण घरभाडे हा राज्यांचा विषय आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याखेरीज तो मसुदा भाडेकरूच्या कामाचा नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. अनामत रोखीने न देता बँकेतून द्यावी. घरात शिरताना आणि निघताना भिंती, नळ, फरशी यांचे फोटो तारखेसह ठेवावेत. सही करण्याआधी करारातले रंगकामाचे कलम वाचावे, कारण लेखी लायसन्स करारातला मजकूर पुढे पुरावा ठरतो. कपात झाली तर प्रत्येक रकमेचे बिल लेखी मागावे. न मिळाल्यास नोटीस द्यावी आणि तीन वर्षांची मुदत उलटण्याआधी दावा करावा.

'तक्रार' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणे, परत परत सांगणे. अनामतीबाबत आपण बहुतेकदा एकदा विचारतो आणि घरी येतो. पुढच्या महिन्यात या, असे मालकाने सांगितले असेल तर पुढच्या महिन्यात जावे, आणि जाताना हिशेबाचा कागद बरोबर न्यावा.