जमीन, विवाह आणि वंशावळ : स्कॉटलंडमधील घराण्यांचा मागोवा

जमीनदार घराण्याची वंशावळ निश्चित करताना परंपरेने चालत आलेल्या हकिकतींपेक्षा मालमत्तेचे कागद अधिक विश्वसनीय ठरतात. त्या दृष्टीने स्कॉटलंड हा समृद्ध देश आहे. जमिनीच्या हस्तांतराची ‘रजिस्टर ऑफ सेझिन्स’ ही सार्वजनिक नोंदवही तेथे १६१७ च्या कायद्याने सुरू झाली. ‘सेझिन’ म्हणजे ताबा. साक्षीदारांसमक्ष त्या जमिनीतील माती व दगड नव्या धारकाच्या हाती देत आणि नोटरी त्याचा लेख करी. हा विधी १८४५ मध्ये अनावश्यक ठरला; नोंदणी मात्र चालू राहिली.

आपल्याकडील वारसनोंदीशी साम्य असलेला तेथील दस्तऐवज म्हणजे ‘रिटूर’. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला आपले नाते ज्युरींपुढे सिद्ध करावे लागे. त्यांच्या निर्णयाचा लेख तो रिटूर. या नोंदी १५३० च्या सुमारापासून उपलब्ध असून १८४७ पर्यंतच्या बहुतेक लॅटिन भाषेत आहेत. मृत व्यक्ती, वारस आणि त्यांचे नाते त्यांत नमूद असते. १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने थेट देता येत नसे. ती ज्येष्ठ पुत्राकडे जाई. पुत्र नसल्यास मुलींमध्ये समान वाटली जाई. ज्येष्ठाधिकाराचा हा नियम १९६४ च्या कायद्याने संपुष्टात आला. म्हणूनच जमिनीचा कागद हा रक्ताच्या नात्याचाही पुरावा ठरतो. मात्र काही वारस वर्षानुवर्षे रिटूर घेत नसत. त्यामुळे नोंद नाही म्हणजे वंश खुंटला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विवाहाच्या नोंदी पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, दप्तरात सापडतात. त्यांतील सर्वांत जुने दप्तर पर्थशायरमधील एरल येथील असून ते १५५३ पासूनचे आहे. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. स्कॉटिश कागदपत्रांत विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव कायम राहत असल्याने तिच्या घराण्याचाही माग लागतो. विवाहपूर्व करारात हुंडा व वैधव्यकाळातील उत्पन्नाची तरतूद लिहिलेली असे. पत्नीला जमिनीवर हयातीपुरता हक्क दिल्यास तो सेझिनच्या नोंदवहीतही येई. चर्चचे दप्तर नष्ट झाले असले तरी विवाहाचा दाखला अशा रीतीने मिळू शकतो.

खरी अडचण येते ती नोंदच न झालेल्या विवाहांची. धर्मगुरूविना, केवळ परस्परसंमतीने झालेला विवाहही स्कॉटलंडमध्ये वैध असे. संमतीच्या घोषणेने होणारे विवाह १९४० मध्ये बंद झाले. दीर्घ सहवास व लौकिक यांवरून विवाह मानण्याची तरतूद २००६ पर्यंत होती.

अशाच एका विवाहावर ब्रेडलबेन या बलाढ्य कॅम्पबेल घराण्याचा वारसा अवलंबून होता. दुसरे मार्क्विस १८६२ मध्ये निपुत्रिक वारले. चार लाख एकरांहून मोठी जहागीर आणि अर्लपद यांवर दोन शाखांनी हक्क सांगितला. एका दावेदाराचे आजोबा जेम्स कॅम्पबेल १७८१ मध्ये एका विवाहित स्त्रीसह पळून गेले होते. तिचा पती १७८४ मध्ये वारला. त्यानंतरही दोघे पती-पत्नी म्हणूनच राहिले आणि १७८८ मध्ये त्यांना पुत्र झाला. विवाहाची नोंद कोठेही नव्हती. हा पुत्र औरस ठरला नसता तर नातवाचा दावा कोसळला असता. संबंधाचा आरंभ व्यभिचारातून झाला असला, तरी पहिल्या पतीच्या मृत्यूनंतरच्या सहवासावरून व समाजातील लौकिकावरून विवाहाची संमती गृहीत धरता येते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६७ मध्ये दिला. नातवाला वारसा मिळाला.

वंशावळ अभ्यासणाऱ्याने म्हणूनच एका दप्तरावर विसंबू नये. सेझिन, रिटूर, विवाहकरार आणि न्यायालयीन कागद एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच दोन पिढ्यांमधील दुवा पक्का मानता येतो.