एक दिवाळी, अनेक वाचक

सणाच्या निमित्ताने कोणाला तरी वाचायला काही द्यावे, ही सवय मराठी घरांत दिवाळी अंकाने घट्ट केली. कल्पनेचे मूळ मात्र बरेच दूरचे आहे. 1822च्या अखेरीस लंडनमध्ये रूडॉल्फ अकरमन या प्रकाशकाने पुढच्या वर्षासाठी ‘फर्गेट मी नॉट’ नावाचे वार्षिक काढले. कथा, कविता आणि कोरीव चित्रे असलेले हे छोटे पुस्तक नाताळ आणि नववर्षाला भेट देण्यासाठीच छापलेले होते. त्याच्या मागोमाग अशी वार्षिके पुष्कळ निघाली. त्यांच्यात देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी एक सजवलेले पान कोरे ठेवलेले असे. विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसरा, हे धरूनच ही पुस्तके रचली जात. पुढे इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांनी तीच वाट धरली.

त्या नाताळ अंकांचा कित्ता समोर ठेवून 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून आपण तो ओळखतो. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. ज्यांच्याकडून ते बंगाली शिकले त्यांचे ‘मित्र’ हे आडनाव त्यांनी स्वतःला लावून घेतले. मराठी घराची खूण मानला जाणारा हा प्रकार इंग्रजी नमुन्यावरून, बंगाली आडनावाच्या संपादकाने सुरू केला, हे मला फार मोलाचे वाटते. फराळाच्या ताटाशेजारी जे वाचन आले, ते तीन भाषांच्या वाटेने आले.

‘मनोरंजन’च्या अंकामागे घर ही एकच कल्पना होती. अंक एक आणि तो घरातल्या सगळ्यांचा. पुढच्या दशकांत हे घर वाचकांमध्ये वाटले गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 1920 साली सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढले, 1934 साली ‘मनोहर’. 1951 साली मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ हसणाऱ्यांसाठी आला. 1971 साली बालभारतीने मुलांसाठी ‘किशोर’ सुरू केले. शिवाय रहस्यकथांचे अंक वेगळे, राशिभविष्याचे वेगळे, पाककृतींचे वेगळे.

या वाटणीत मिळकत मोठी होती. ‘स्त्री’मुळे बाईला आपल्या नावाचे मासिक मिळाले, तिच्या प्रश्नांना पाने मिळाली. पण ज्या पुरुषांनी ते प्रश्न वाचायला हवे होते, त्यांना ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणायची सोयही झाली. भेट निवडताना आपणही हेच करतो. मुलाला प्राण्यांच्या गोष्टी, आजोबांना संतवाङ्मय, वहिनीला पाककृती. माणूस डोळ्यांपुढे आणण्याऐवजी आपण त्याचा रकाना आणतो. ही वाटणी महाराष्ट्रात सैल केली ती वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांनी. एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक आलटून पालटून घरी येत, आणि आईसाठी आणलेला अंक मुलगा आधी फस्त करी.

चंदीगडच्या सेक्टर 43मध्ये अशी योजना हाताशी नाही. हा सेक्टर शहराच्या आराखड्याच्या दुसऱ्या टप्प्यातला. इथे पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडे जाणाऱ्या बसचा मोठा अड्डा आहे आणि जिल्हा न्यायालयही आहे. सणाला इथे सुक्या मेव्याचे डबे आणि मिठाई फिरते. शीख शेजाऱ्यांकडे त्याच दिवशी बंदीछोड दिवस असतो. गुरू हरगोबिंद यांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटका झाल्याची ती आठवण. अशा ठिकाणी मराठी माणसाने पुस्तके वाटायची ठरवली, तर वय आणि आवड यांच्या आधी तिसराच प्रश्न उभा राहतो: समोरचा कोणत्या भाषेत वाचतो? आणि हा प्रश्न शेजाऱ्यांपुरता राहत नाही, तो आपल्याच घरात येऊन बसतो.

आजी मराठीत वाचते. मुलगा मराठीत ऐकतो, हिंदीत अभ्यास करतो आणि इंग्रजीत वाचतो. त्याला लिपी नवी नाही, कारण देवनागरी शाळेतच आली. तो अडतो ‘ळ’पाशी. तोंडाने ‘दिवाळी’ म्हणणारा मुलगा छापलेला ‘ळ’ पाहून क्षणभर थांबतो. गंमत अशी की शेजारच्या पंजाबी आजोबांच्या तोंडी हा उच्चार सहज बसलेला आहे. गुरुमुखीत ‘ल’च्या पायाशी टिंब देऊन तो लिहिलाही जातो.

म्हणून मी वाचकांची वाटणी वेगळ्या रीतीने करतो. शेजारच्या वकिलांना विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हिंदीत, ‘खामोश! अदालत जारी है’ या नावाने. रोज खऱ्या न्यायालयात उभे राहणाऱ्याला हे खोटे न्यायालय कुठे बोचते, ते नंतर चहावर ऐकण्यासारखे असते. हिंदीत जाड कादंबऱ्या वाचणाऱ्यांना शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. कर्ण त्यांना लहानपणापासून माहीत असतो, त्यामुळे भाषांतराच्या उंबऱ्यावर अडखळायला होत नाही.

पंजाबी आजोबांसाठी निवड करताना मात्र देणाऱ्याचा तोरा उतरतो. नामदेव त्यांच्याकडे आधीच आहेत. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे स्मारकस्थान. 2015च्या एप्रिलमध्ये 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच भरले. आपला संत आपण त्यांना काय भेट देणार? मी नामदेवांचे मराठी अभंग नेतो आणि थोडे वाचून अर्थ सांगतो. ते त्यांच्याकडची पदे म्हणतात. इथे भेट दोन्ही बाजूंनी होते.

आणि मुलाला? त्याला इंग्रजी पुस्तक द्यावे, म्हणजे तो लगेच वाचील. पण तसे करीत राहिलो तर या घरातले मराठी वाचन आजीबरोबर संपेल. केवळ मराठी पुस्तक दिले, तर ते कपाटात शोभेला राहील, आणि भाषा म्हणजे मोठ्यांनी लादलेले काम, हे त्याच्या मनात पक्के होईल. ‘मनोरंजन’ने मानलेला सगळ्या घराचा अंक मला इथे उपयोगी पडतो. ‘किशोर’चा दिवाळी अंक मी मुलाच्या एकट्याच्या नावाने देत नाही, आजी आणि नातू या दोघांच्या नावाने देतो. आजीची नजर बारीक अक्षरांना थकते, नातू ‘ळ’ला अडखळतो. त्याने वाचायचे, तिने अडलेला शब्द सांगायचा. दोघांपैकी एकाने हात आखडला, तर अंक पुढे सरकत नाही.

अकरमनच्या काळातल्या वार्षिकांतले ते कोरे पान आता कोणी छापत नाही, पण पुस्तकाचे पहिले पान असतेच. वकिलांच्या पुस्तकावर मी हिंदीत लिहितो. आजोबांच्या पुस्तकावर त्यांचे नाव गुरुमुखीत उतरवतो. अक्षर वाकडे येते, ते हसून चालवून घेतात. ‘किशोर’च्या अंकावर दोन नावे शेजारी शेजारी असतात, आणि खाली ‘दिवाळी’ हा शब्द लिहिण्याचे काम नातवाकडे असते.