दिलेला शब्द आणि घडलेली कविता : आद्याक्षरी रचनेच्या इतिहासाविषयी

ओळींची आद्याक्षरे वरून खाली वाचत गेले असता एखादे नाव, मंत्र किंवा वाक्य हाती लागावे, अशा रचनेत शब्द आधी असतो आणि कविता नंतर येते. नेमक्या याच कारणामुळे काव्यविचाराने तिला सहसा कमी लेखले आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त चित्रकाव्याला काव्य न म्हणता काव्याचे अनुकरण ठरविले. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याला शेवटची, तिसरी पायरी दिली. इंग्लंडमध्ये १७११ साली ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मधील निबंधांत आद्याक्षरी रचनेची गणना खोट्या चातुर्यात केली. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांचा निर्णय असा जवळजवळ सारखाच यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र बंधनामुळे कवितेचे काय हरवते, एवढाच प्रश्न या निर्णयामागे आहे. शब्द कोणी दिला आणि कवीने त्याचे काय केले, हा प्रश्न त्यात विचारलेला नाही. इतिहासाकडे वळल्यास तोच अधिक फलदायी ठरतो.

या रचनेविषयीचा एक अतिशय जुना समीक्षात्मक युक्तिवाद सिसेरोच्या शकुनविद्येवरील ग्रंथात, म्हणजे इ. स. पू. ४४ च्या सुमारास, आढळतो. रोममध्ये सिबिलची भविष्यवचने दैवी उन्मादात उच्चारलेली मानली जात. त्या पद्यांत आद्याक्षरी योजना आहे, याकडे सिसेरो बोट दाखवितो. ज्याला अक्षरे मोजून ओळी बांधता येतात, त्याचे चित्त ठिकाणावर असले पाहिजे. तेव्हा ही वचने उन्मादाची नसून सावध लेखकाची आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुढे डायोनिसियस हा इतिहासकार नोंदवितो, की या संग्रहातील प्रक्षिप्त भाग आद्याक्षरांवरूनच ओळखले जात. जी खूण एकाला दैवी उगमाविरुद्धचा पुरावा वाटते, तीच दुसऱ्याला संहितेच्या अस्सलपणाची मुद्रा वाटते. वाल्मीकिरामायणाच्या चोवीस सहस्र श्लोकांत दर सहस्राच्या आरंभी गायत्रीचे एकेक अक्षर आहे, ही आपल्याकडील श्रद्धा याच संदर्भात आठवते. तेथे शब्द कवीने गुंफला की वाचकपरंपरेने शोधला, हे ठरविणे सोपे नाही. आद्याक्षरी ही लेखनाची रीत आहे, तशीच ती वाचनाचीही रीत आहे.

काही वेळा शब्द देणारी व्यक्ती नसते. भाषाच तो देते. जेरुसलेमचा इ. स. पू. ५८७-८६ च्या सुमारास विध्वंस झाला. त्यावरील ‘विलापगीत’ या हिब्रू ग्रंथात पाच अध्याय आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांतील बावीस कडवी हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन चरण मिळून सहासष्ट होतात. पाचव्यात चरण बावीसच आहेत, पण वर्णक्रम नाही. शोकाला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेणे म्हणजे त्याला सीमा घालणे होय. अखेरीस संख्या राहते आणि क्रम सुटतो. हा भेद जाणीवपूर्वक केलेला असो वा नसो, आधीचे चार अध्याय नियमबद्ध नसते तर तो वाचकाला जाणवलाच नसता. येथे नियम हा अर्थाचाच घटक झाला आहे.

याउलट उदाहरण सर जॉन डेव्हिसच्या ‘हिम्स ऑफ ॲस्ट्रिया’चे आहे. १५९९ साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात सव्वीस कविता आहेत. प्रत्येकीत सोळा ओळी असून त्यांची आद्याक्षरे दरवेळी एकच नाव सांगतात : एलिसाबेथा रेजिना. विषय वसंत असो, चंडोल पक्षी असो वा गुलाब, कणा राणीच्याच नावाचा आहे. डेव्हिस हा कायदेपंडित. सहकाऱ्यावर हल्ला केल्याबद्दल १५९८ साली मिडल टेंपल या विधिसंस्थेने त्याला काढून टाकले होते आणि १६०१ साली परत घेतले. या दोन तारखांच्या मध्ये ही स्तोत्रे येतात, हे विसरून ती वाचता येत नाहीत. येथे शब्द सत्तेचा आहे. कारागिरी निर्दोष आहे, परंतु चंडोल आणि गुलाब अखेर एकाच दरबाराकडे वळतात. कमतरता आद्याक्षरीत नाही. दिलेल्या शब्दाला एकही प्रश्न न विचारण्यात आहे.

मराठीत हा विचार मोरोपंतांपाशी (१७२९-१७९४) येऊन थांबतो. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले निरोष्ठ रामायण आणि त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे गुंफणारे मंत्ररामायण यांकडे पांडित्याचे प्रदर्शन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण मंत्र हा जपण्यासाठी असतो. त्याची अक्षरे गुंफीत कथा सांगणे म्हणजे रचनेलाच जपाचे रूप देणे. ही रचना भक्ताची आहे की केवळ पंडिताची, याचा निवाडा प्रत्येक आर्या वाचूनच करावा लागेल. बंधनाच्या नावावरून तो करता येणार नाही.

देवनागरीत या रचनेची अडचणही निराळी आहे. आपले एकक सुटा वर्ण नसून स्वरासहित अक्षर आहे. ‘तुळस’ घेतल्यास ‘ळ’ने सुरू होणारा मराठी शब्द मिळत नाही, ‘विठ्ठल’मधील ‘ठ्ठ’ तर शब्दारंभी येतच नाही. कवीला सवलत घ्यावी लागते, किंवा ते अक्षर ओळीच्या आत न्यावे लागते. भाषा जेथे नकार देते, तेथे कवीला तिची घडण कळू लागते.

विषय ठरवून दिलेल्या शब्दावर कविता रचणे आज शाळेतल्या उपक्रमांत आणि सत्कारसमारंभांत सर्रास चालते. त्यातील बहुतेक रचना विसरल्या जातील, आणि त्यात वावगे काही नाही. समीक्षेने मात्र त्यांना एकाच शिक्क्याने बाद करू नये. आद्याक्षरे पुसून टाकल्यावर कवितेचा अर्थ किंचितही उणा होत नसेल, तर ती अलंकारापुरतीच होती. त्यांच्याबरोबर अर्थाचाही काही अंश जात असेल, तर दिलेला शब्द कवीने आपला केला, असे म्हणावे लागेल.