तिसऱ्या खणाचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की सोसायटीचा इतिहास आलाच. नोंदणी, पहिली कमिटी, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती. ते सगळं या अंकात इतरांनी लिहिलं आहे. मी लिहिते आहे तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणाचा इतिहास. वरचे दोन खण ऑडिटच्या फायलींचे, खालचा गणपतीच्या सजावटीचा आणि मधला हा पुस्तकांचा. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हे कपाट काढून तिथे पार्सलांसाठी रॅक बसवायचा विषय आहे. हात वर करण्याआधी सभासदांनी एवढं वाचावं, अशी विनंती.

खण सुरू झाला तेव्हा त्यात सगळंच आलं होतं. पाककृती, आरोग्य, चरित्रं, स्पर्धा परीक्षांची गाईडं. पण देवाणघेवाणीची वही चाळली तर दिसतं की फिरत राहिलं ते एकाच जातीचं वाचन : भुतंखेतं, जादूगार, परग्रहावरचे पाहुणे, कालप्रवास. बाकीची पुस्तकं एकदा गेली ती परत आली नाहीत, किंवा आली ती कोणी पुन्हा नेली नाहीत. अद्भुत मात्र बी विंगेतून ए विंगेत आणि तिथून पुन्हा बी विंगेत जात राहिलं. मला याचं नवल वाटत नाही. मराठीत हे वाचन नेहमी असंच, हातातून हातात, चालत आलेलं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' वाचल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते काम सुरू केलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. विज्ञानातलं अद्भुत आलं ते मासिकांतून. कोचीनमधून सुरू झालेल्या 'केरळ कोकिळ' या मराठी मासिकात १९००च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा क्रमशः आली. पुढच्याच दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' आली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून बहुधा तिचंच नाव घेतलं जातं. हे रानडे म्हणजे पुढे रविकिरण मंडळात नावारूपाला आलेले कवी. आपली विज्ञानकथा कवीच्या हातून सुरू झाली, हे मला फार आवडतं.

१९०९मध्ये का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला फराळाबरोबर वाचनाचीही सवय लागली. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६च्या एप्रिलमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. वाचकांची पत्रं तो त्यांच्या पत्त्यासकट छापायचा. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, भेटू लागले, त्यांची मंडळं झाली. आपल्याकडे अशी मंडळं फारशी झाली नाहीत, पण आपल्याकडे दिवाळी अंक होता. एकाने विकत घ्यायचा आणि दहा घरांनी वाचायचा. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीला 'नवल' काढलं ते याच वाचकासाठी. 'धनंजय'नेही रहस्य, भय आणि विज्ञान यांना हक्काची जागा दिली.

आमच्या पिढीचं अद्भुत म्हणजे नारायण धारप. रसायन तंत्रज्ञान शिकलेला माणूस, पण लिहिणार अंधाऱ्या वाड्यांवर आणि अनोळखी मितींवर. त्यांचे 'समर्थ' आम्हाला घरच्या वडीलधाऱ्यांसारखे वाटायचे. धारप विकत घेणारे थोडे होते. बहुतेकांनी ते सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणले. त्या काळी मुलुंडला, घाटकोपरला, बोरिवलीला स्टेशनपासून पाच मिनिटांवर असं एखादं दुकान असायचंच. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी द्यायची, पुस्तकाला खाकी कव्हर, आत तारखेचे शिक्के. दिवाळीत वेगळी योजना, ठरावीक पैशात महिनाभर हवे तेवढे अंक. मी बँकेत लागले तेव्हा आमच्या लेडीज डब्यात चार जणी चार वेगवेगळ्या लायब्रऱ्यांच्या सभासद होतो. मुलुंड ते व्ही.टी. या तासाभरात पुस्तकांची अदलाबदल व्हायची. भांडुपला चढणारी एक मैत्रीण धारपांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मुद्दाम डब्यात वाचायची. घरी एकटीने वाचायची तिची हिंमत नव्हती.

मुलांचा रस्ता वेगळा, पण त्याच गावाला जाणारा. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवलं. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावं उच्चारली की आपल्या सोसायटीतले साठी ओलांडलेले गृहस्थसुद्धा दहा वर्षांचे होतात. मी पाहिलं आहे. 'चांदोबा'तला वेताळ होताच.

आता आपल्या उपनगरांना जवळचा भाग. २४ एप्रिल १९६६ रोजी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिचं विज्ञान भवन आज चुनाभट्टीला आहे, इथून फार लांब नाही. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. १९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा होती कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या डॉ. जयंत विष्णू नारळीकरांची. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी ते नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. नावाच्या दबदब्याने बक्षीस मिळायला नको, एवढाच हेतू. स्पर्धेतून विज्ञानकथा जन्मण्याचा हा आपल्या देशातला पहिला प्रसंग नव्हे. १८९६मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बंगालीत लिहिलेली कथाही स्पर्धेसाठीच होती, आणि ती स्पर्धा होती एका केसांच्या तेलाची! जगन्मान्य शास्त्रज्ञांना साध्या वाचकासमोर अनोळखी म्हणून उभं राहावंसं वाटलं, हा या साहित्याचा मोठा मान आहे.

नारळीकरांच्या आगेमागे एक फळीच उभी राहिली : बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे. फोंडके तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले. एका बाजूला तुर्भे, एका बाजूला पवईची आयआयटी, मधे विक्रोळी-भांडुपचे कारखाने. तिथल्या शास्त्रज्ञांना, इंजिनिअरांना आणि फिटरांना परतायला ही उपनगरं होती. प्रयोगशाळेचा डबा ज्याच्या घरून जातो, त्याच्या घरात विज्ञानकथा परकी वाटत नाही. फोंडक्यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३मध्ये काढला. त्यात मराठीतून गेलेल्या कथा बऱ्याच आहेत.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' अनेकांनी वाचली असेल. १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर? इतिहासाचा प्राध्यापक पुण्याहून गाडीत बसतो आणि त्या दुसऱ्याच मुंबईत उतरतो. ही कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतली गेली. तिच्यात दादरच्या अलीकडे निळ्या डब्यांची लोकल दिसते आणि प्रत्येक डब्यावर छोटा युनियन जॅक असतो. म्हणजे गंगाधरपंतांची गाडी आपल्या मुलुंडवरूनच गेली! सोसायटीतल्या एका अकरावीच्या मुलीला ही कथा अभ्यासाला होती. मूळ कथा मराठीत आहे हे तिला कपाटाशी कळलं. तिने ती मराठीत वाचली, अडखळत, आजीला शब्द विचारत. आजीने बदल्यात तिच्याकडून 'ड्यून'ची गोष्ट ऐकली, तीन संध्याकाळी, खालच्या बाकावर.

आज दोन बाजू झाल्या आहेत हे खरं. मुलं पॉटर, टॉल्किन, पर्सी जॅक्सन इंग्रजीत वाचतात आणि मोठ्यांना वाटतं, त्यांचं आपलं काही जुळत नाही. पण पॉटर मराठीत आला आहे, आणि टॉल्किनची महाकादंबरी मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणली आहे. २०१८मध्ये 'तुंबाड' आला. त्यामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे असं कळल्यावर वहीत धारपांच्या नावापुढे एकदम नव्या पोरांच्या सह्या दिसू लागल्या. २०२५च्या मे महिन्यात, २० तारखेला, नारळीकर गेले. त्या आठवड्यात त्यांचं एकही पुस्तक खणात उरलं नव्हतं. कोणी सूचना लावली नव्हती, ग्रुपवर कोणी आवाहन केलं नव्हतं.

वहीत शेऱ्याचा रकाना आहे. तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'रात्री वाचू नये.' 'शेवट आधीच कळतो, तरी वाचा.' 'आजोबांना आवडलं, मला नाही.' त्याखाली थरथरत्या अक्षरात : 'पुन्हा वाच.' शेजारी राहून वर्षानुवर्षं नुसतं 'काय, बरंय ना' एवढंच बोललेली माणसं या रकान्यात एकमेकांशी वाद घालतात.

स्टेशनाजवळच्या त्या लायब्रऱ्या एकेक करून गेल्या, तिथे आता मोबाइलची आणि औषधांची दुकानं आहेत. पार्सलांना जागा हवी, हे मलाही मान्य आहे. रोज माझीही येतात. माझी सूचना एवढीच : रॅक जिन्याखाली मीटर बॉक्सच्या समोरच्या भिंतीला बसतो, मी मापं घेतली आहेत, सव्वातीन फूट रुंदी मिळते. कपाट जागचं हलवू नये. ठराव मी मांडेन, अनुमोदक हवा आहे. आणि ज्यांच्या घरी 'यक्षांची देणगी' राहिलं आहे, त्यांनी ते सभेला येताना घेऊन यावं. वहीप्रमाणे पुढचा नंबर ए विंगेतल्या सातवीतल्या मुलाचा आहे आणि तो मला लिफ्टमध्ये रोज विचारतो.