उणे करून मागितलेले नाक

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास निघाला की आपण पुण्यापाशी थांबतो. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी या इंग्रज फौजेतील गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळाले आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ते सचित्र छापले. अभिमान रास्तच; पण ती गेलेले नाक परत मिळवण्याची गोष्ट. धडधाकट नाक कमी करून मागणाऱ्यांचा इतिहास निराळा, आणि माझ्या मते अधिक अस्वस्थ करणारा.

१८९८ साली बर्लिनमध्ये जाक जोसेफ या शल्यचिकित्सकाकडे २८ वर्षांचा एक जमीनदार आला. नाक मोठे, पुढे आलेले. श्वासाला कसलाच अडथळा नव्हता. तक्रार एवढीच की लोक टक लावून पाहतात, चारचौघांत जाववत नाही. दोनच वर्षांपूर्वी एका मुलाचे पुढे आलेले कान मागे बसवल्यामुळे जोसेफची रुग्णालयातील नोकरी गेली होती. तरी त्याने हे नाक बाहेरून छेद घेऊन लहान केले. बर्लिनच्या वैद्यकसभेपुढे त्याने मांडलेला मुद्दा शस्त्राइतकाच धारदार होता: मनाची पीडा हीदेखील पीडाच. पुढे तो नाकपुडीच्या आतून छेद घेऊ लागला. चेहऱ्यावर व्रण उरेना.

शेंड्याचे काम मात्र नाजूक. तो दोन वाकलेल्या कूर्चांवर तिवईसारखा उभा असतो, असे पुढच्या शल्यविदांनी समजावले. मधला पाय आखूड केला तर शेंडा मागे सरतो आणि खाली झुकतो. बाजूचे केले तर वर उचलला जातो. म्हणून निव्वळ 'छाटणे' येथे चालत नाही, तोल साधावा लागतो.

आपल्याकडे नाकाला चाफेकळीची उपमा. तेव्हाच्या युरोपात व्यंगचित्रकार नाकावरून ज्यू ओळखवीत. जोसेफ स्वतः ज्यू होता. जन्मनाव याकोब. तरुणपणी जर्मन विद्यार्थ्यांच्या रिवाजाप्रमाणे तलवारीच्या द्वंद्वांतले व्रण त्याने गालावर मिरवले. एक व्रण स्वीकाराची खूण म्हणून हवा, दुसरा कुणाला दिसूही नये म्हणून आतून छेद! त्याने पूर्वग्रहाला मान तुकवली, असे म्हणणे सोपे आहे. पण टक लावून पाहणाऱ्यांना सुधारणारी शस्त्रक्रिया त्याच्या हाती नव्हती; रुग्ण मात्र समोर बसलेला होता.

महायुद्धात शारिटे रुग्णालयात त्याने सैनिकांचे छिन्न चेहरे जुळवले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. फेब्रुवारी १९३४ मध्ये तो बर्लिनमध्येच वारला. नाकाचे हाड कापणारी त्याच्या नावाची करवत शल्यविदांना आजही ठाऊक आहे.